थरथरणारें स्टीअरिंग

एका वाचक भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. कुटुंब एकत्र, रोज जेवावयास अकरा पानें, आणि दारांत थोरल्या दिरांनीं उमेदीच्या काळांत घेतलेली प्रीमियर पद्मिनी. गाडी वर्षांतून थोडीच चालते. गणपतीस कोंकणांतल्या घरीं, लग्नकार्यास, आणि कोणा वृद्धास दवाखान्यांत न्यावयाचें झालें म्हणजे. हल्लीं तिचें स्टीअरिंग ताशीं सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या सुमारास हातांत थरथरूं लागतें. एका गॅरेजमधून जी यादी आली तींत दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड, किंगपिन, आयडलर आर्म, चारी शॉक ॲब्सॉर्बर, आणि शेवटीं 'स्टीअरिंग बॉक्स उघडल्यावर पाहूं' असा मोघम शेरा. घरांत दोन तट पडले आहेत. तरुण मंडळी म्हणतात, भंगारांत द्या. दीर म्हणतात, मी असेंपर्यंत नाहीं. बाईंचा प्रश्न मात्र या दोहोंहून वेगळा, आणि आमच्या मतें खरा आहे. त्या विचारतात, या गाडींत नातवंडांना बसवून घाट उतरावा कीं नाहीं, तेवढें सांगा.

आम्हीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. मोटारीचें यंत्र आमच्या वाट्यास आलें तें घरांतल्या जुन्या गाड्यांमुळें आणि मिस्त्री लोकांच्या सहवासामुळें. सबब येथें जें सांगणार आहों तें कारागिराचें ज्ञान नव्हे. कारागिराकडे जाण्यापूर्वीं मालकानें स्वतः काय पाहावें आणि त्याला काय सांगावें, एवढाच आमचा हेतु आहे. तें पाहिलें तर यादींतील बरींच कलमें गळून पडण्याचा संभव असतो. आणि जें उरतें त्यांत खरोखर जिवाची भीति असेल तर ती आधीं डोळ्यांसमोर येते.

वैद्यकांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. ज्वर हें लक्षण आहे, रोग नव्हे, हें आपल्या घरांतील आजीबाईसही ठाऊक असतें. पण गाडी थरथरली कीं तीच माणसें मिस्त्रीच्या पहिल्या शब्दावर पैसे काढून देतात. मिस्त्री म्हणतो, स्टीअरिंग थरथरतें, अर्थात् टाय रॉड एंड गेला. नैयायिक याला सव्यभिचार हेतु म्हणेल. धूर दिसला तर अग्नि आहे असें म्हणतां येतें, कारण अग्नीवांचून धूर नाहीं. परंतु अग्नि दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो आणि धूर नसतो. त्याचप्रमाणें ज्या गाडीचा टाय रॉड एंड धडधाकट आहे तिचेंही स्टीअरिंग थरथरतें. आणि ज्या गाडीचा तो सांधा निखळावयास आला आहे ती कधीं कधीं गुळगुळीत चालते. हें दुसरें वाक्य वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावें. आमच्या सांगण्याचें सार त्यांतच आहे.

प्रथम थरथर उत्पन्न कशी होते तें पाहूं. पद्मिनीच्या चौदा इंची चाकाचा घेर सुमारें १.९ मीटर असतो. ताशीं ८० किलोमीटर वेगानें गाडी धांवत असली म्हणजे तें चाक सेकंदाला सुमारें १२ वेळां फिरतें. आतां रिमच्या एका बाजूस केवळ ३० ग्रॅम वजन अधिक आहे असें समजा. स्वयंपाकघरांतील दोन मोठ्या चमच्यांत मावेल एवढी ही साखर. पण या वेगानें फिरतांना ती जवळ जवळ ३ किलो वजनाच्या ओढीनें चाकास बाहेर खेंचते, आणि ही ओढ चाकाबरोबर फिरत असल्यामुळें सेकंदांत बारा वेळां चाकाला पुढें-मागें व वर-खालीं हिसका देते. वेग निम्मा केला, म्हणजे ताशीं ४० वर आणला, तर ही ओढ निम्मी होत नाहीं, चतुर्थांश होते. म्हणजे जेमतेम पाऊण किलो. गांवांत फिरतांना जी गाडी शहाण्यासारखी वागते ती हमरस्त्यावर कां बिथरते याचें कारण हें.

पण मग नव्वदच्या पुढें गेल्यावर थरथर कमी होते, असें पुष्कळ चालक सांगतात; वेगाबरोबर ओढ वाढत असतां हें कसें? पाळण्याला झोका देणारी आई याचें उत्तर देऊं शकेल. पाळण्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीस धरून बोटानें ढकललें तरी तो उंच जातो. लय चुकवून जोरानें ढकललें तर नुसता हिसका बसतो. गाडीच्या पुढच्या चाकांचा, स्प्रिंगांचा आणि स्टीअरिंगच्या दांड्यांचा जो समुदाय आहे त्यालाही अशी एक स्वाभाविक लय असते. चाकाचे फेरे त्या लयीशीं जुळले कीं लहानशी ओढही मोठा कंप उत्पन्न करते, आणि ती लय ओलांडून पुढें गेलें कीं कंप ओसरतो. ठराविक वेगावर येणारी आणि त्या वेगापुढें जाणारी थरथर ही बहुधा चाकाच्या तोलाची तक्रार असते, मोडक्या सांध्याची नव्हे, असा अनुमानाचा पहिला धागा येथें हातीं लागतो. बाईंच्या पत्रांतील लक्षण या जातीचें दिसतें.

मात्र एकट्या चालकाची साक्ष घेऊन भागत नाहीं. पुढचें चाक बेतोल असेल तर कंप स्टीअरिंगमधून हातांत येतो. मागचें चाक बेतोल असेल तर हात स्वस्थ राहतात आणि बैठक थरथरते; आणि ती कोणाला कळते? मागच्या बाकावर बसलेल्या आजीला. चालक म्हणतो गाडी उत्तम आहे, आणि आजी म्हणते माझ्या कमरेंत मुंग्या येतात. आजीचें वय झालें म्हणून तिचें बोलणें हसण्यावारी नेतात. आम्ही तर असें सुचवूं कीं तपासणीच्या फेरीस आजीला मुद्दाम मागें बसवावें. पहाटेची वेळ, सरळ व मोकळा रस्ता, पुढें चालकाशेजारीं कोणी तरी वही घेऊन. वहींत तीनच गोष्टी टिपाव्या: कोणत्या वेगावर सुरू झाली, कोठें जाणवली, आणि ब्रेक दाबलेला असतां कीं नसतां. चालकानें स्वतः लिहूं नये हें सांगावयास नकोच.

त्याच फेरींत आणखी एक भेद करून घ्यावा. कंप गाडीच्या वेगाशीं बांधलेला आहे कीं इंजिनाच्या? गाडी उभी करून इंजिनाचा वेग चढवावा. उभ्या गाडींतही तोच कंप आला तर चाकांचा कांहीं संबंध नाहीं. इंजिनाखालचीं रबरें बसलीं असतील, किंवा एखादा प्लग पेटत नसेल. तसेंच एकाच वेगावर तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्यें गाडी चालवून पाहावी. गिअर बदलला तरी कंप जशाचा तसा राहिला तर तो चाकांकडचा. घाटांत गिअर काढून हें प्रयोग करूं नयेत.

मागच्या चाकांचा धक्का आणि प्रोपेलर शाफ्टचा कंप यांतही गल्लत होते. इंजिनाकडून मागच्या आंसाकडे फिरत जाणारा हा दांडा चाकाच्या चौपटीहून थोडा अधिक वेगानें फिरतो; चाक सेकंदाला १२ फेरे घेतें तेव्हां हा पन्नासच्या घरांत जातो. म्हणून त्याचा दोष धक्क्यासारखा लागत नाहीं, तळपायाला गुणगुण लागते, आणि कानालाही ऐकूं येते. दांड्याच्या सांध्यांतील क्रॉस झिजला असेल तर गाडी सुरू करतांना आणि गिअर बदलतांना 'ठक्' असा आवाजही होतो.

आतां चाकांकडे येऊं, कारण दहांपैकीं बहुतेक वेळां उत्तर तेथेंच असतें, आणि तेंच सर्वांत स्वस्त असतें. पहिलें काम पाण्याचें. पावसाळ्यांत कोंकणांतून आलेल्या गाडीच्या रिमच्या आंतल्या बाजूस तांबड्या मातीचा थर बसतो आणि वाळून विटेसारखा होतो. तीस ग्रॅमचा हिशेब आम्हीं वर मांडला. या मातीचे गोळे शंभर-दीडशें ग्रॅमचेही असूं शकतात. बाहेरून गाडी आरशासारखी पुसली जाते आणि आंतली माती तशीच राहते. यासाठीं गॅरेजांत जाण्यापूर्वीं चारी चाकांची आंतली बाजू धुवावी.

दुसरी गोष्ट उभ्या गाडीची. जी गाडी महिनोन् महिने एका जागीं उभी असते तिच्या टायरचा जमिनीस टेकलेला भाग चपटा होतो. हवा कमी असली तर अधिकच. अशी गाडी बाहेर काढली कीं पहिले कांहीं किलोमीटर चारी बाजूंनीं धडधडते, आणि टायर तापल्यावर अर्ध्या तासांत बरीचशी शांत होते. हा रोग नव्हे, आळस आहे. पंधरवड्यांतून एकदां गाडी फिरविणें आणि हवा पुरी ठेवणें हाच त्यावर उपाय. मात्र फार दिवसांचा चपटेपणा कायमचा होतो आणि मग टायर बदलण्यावांचून गत्यंतर नसतें.

तिसरी गोष्ट टायरच्या वयाची. वर्षांतून हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी दहा वर्षांनींही नवी दिसते, आणि 'टायर कुठें गोटा झालेत?' म्हणून मालक निश्चिंत असतो. पण रबर चालण्यानेंच झिजतें असें नाहीं. तें नुसत्या हवेनें आणि उन्हानें कडक होतें, त्याला बारीक भेगा पडतात, आणि आंतले थर एकमेकांपासून सुटूं लागतात. टायरच्या कडेवर चार अंकी संख्या असते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. १४१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यांत तयार झाला. सहा वर्षांनंतर दरसाल नीट तपासावा, आणि दहा वर्षांच्या पुढें नक्षी कितीही शिल्लक असली तरी त्यावर विसंबूं नये.

आंतले थर सुटले म्हणजे टायरला फुगा येतो. याचें लक्षण वर सांगितलेल्या थरथरीहून अगदीं निराळें आहे. गाडी ताशीं वीस-तीस किलोमीटरवर असतांच स्टीअरिंग डावी-उजवीकडे संथपणें डोलूं लागतें. वीसच्या वेगाला सेकंदांत तीन वेळां, म्हणजे हातानें मोजतां येईल असें. वेग वाढला कीं डोलणें धडधडण्यांत बदलतें. हा प्रकार दिसला कीं गाडी बाजूस घेऊन उतरावें आणि चारी टायरवरून हात फिरवावा, कारण फुटूं पाहणारा टायर जें सांगतो तें एकदांच सांगतो. चाकाचे नट-बोल्ट ढिले झाले असले तरी हेंच लक्षण दिसतें. तेव्हां उतरल्यावर प्रथम तेच पाना लावून पाहावे. या दोन्ही कारणांसाठीं घर जवळ आहे म्हणून गाडी दामटणें हें अविचाराचें काम होय.

टायर किंवा रिम गोल आहे कीं नाहीं हें पाहण्यास आमच्या धंद्यांतलें हत्यार पुरतें. चाक उचलून हातानें फिरवावें आणि एका ठोकळ्यावर टेकविलेला खडू टायरच्या अगदीं जवळ धरावा. चाक गोल असेल तर खडूची रेघ सगळीकडे सारखी उठते. वांकडें असेल तर एकाच भागावर उठते आणि बाकीचा भाग कोरा राहतो. मग रिमच्या कडेशीं खडू धरून तेंच करावें. रिम सरळ आणि टायर वांकडा असेल तर दोष टायरचा. जें चाक मुळांतच गोल नाहीं तें तोलाच्या यंत्रावर कितीही वेळां चढविलें आणि त्यावर कितीही शिशाचीं वजनें ठोकलीं तरी रस्त्यावर उडणारच.

तोल, म्हणजे बॅलन्सिंग, आणि अलाइनमेंट हे दोन शब्द दुकानाच्या पाटीवर जोडीनें लिहिलेले असतात, त्यामुळें एकच वाटतात. तोल हा एकेका चाकाच्या वजनाचा प्रश्न आहे. अलाइनमेंट हा चाकांच्या दिशेचा प्रश्न आहे. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका अंगास ओढते आणि टायर एका कडेनें झिजतात. एरवीं थरथर त्यानें येत नाहीं. झिजलेला टायर पुढें थरथरूं लागतो हें खरें, पण तेव्हां चाकें सरळ करून थरथर जात नाहीं, कारण झिजलेलें रबर परत उगवत नाहीं. हातांत कंप आहे म्हणून अलाइनमेंट करून घेणें म्हणजे डोकें दुखतें म्हणून चष्म्याची दांडी सरळ करणें होय. आणखी एक बारीक गोष्ट: पंक्चर काढतांना टायर रिमवरून उतरतो आणि परत चढवितांना फिरून बसतो, पूर्वींचा तोल तेथेंच नाहींसा होतो. पंक्चरवाल्याच्या हातीं चाक देण्यापूर्वीं व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूची खूण करावी आणि त्याच खुणेस टायर बसविण्यास सांगावें.

आतां उपशय. औषध देऊन पाहावें आणि रोग्यास बरें वाटतें कीं नाहीं त्यावरून रोग ओळखावा, ही वैद्याची युक्ति. पद्मिनीचीं चारी चाकें एकाच मापाचीं असल्यामुळें येथें ती फुकट करतां येते. पुढचीं दोन्ही चाकें मागें आणि मागचीं पुढें लावावीं, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगानें, आजीला त्याच जागीं बसवून फेरी मारावी. थरथर चालकाच्या हातांतून निघून आजीच्या कमरेंत गेली तर दोष त्या चाकांत आहे हें सिद्ध झालें. मग दोहोंपैकीं एक परत पुढें आणून कोणतें तें ठरवावें. चाकें बदलूनही हातांतला कंप जागचा हालला नाहीं तर चाकें निर्दोष, आणि हब, बेअरिंग वा सांधे यांच्याकडे वळावें. जेथें चाक तेथें कंप, आणि चाक नाहीं तेथें कंप नाहीं. यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात, आणि आमच्या विद्यार्थ्यांना तो शब्द पाठ करण्यास जेवढा कठीण गेला तेवढा समजण्यास कठीण नव्हता. पथ्य एकच: एका वेळीं एकच बदल करावा. टायर, शॉक ॲब्सॉर्बर आणि टाय रॉड एंड एकाच दिवशीं बदलले आणि गाडी बरी झाली, तर बरी कशानें झाली हें मिस्त्रीलाही कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं पुन्हां तिन्ही बदलावे लागतात.

थरथर केवळ ब्रेक दाबल्यावर येत असेल तर वरील सर्व खटाटोप करण्याची गरज नाहीं. तेथें ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नसतो, आणि ज्या गाड्यांना पुढें डिस्क आहेत त्यांची डिस्क वांकडी किंवा असमान झालेली असते. लेथवर घेऊन ती समतल करतां येते, परंतु कारखान्यानें ठरविलेल्या मापाखालीं धातु कापूं देऊं नये. पातळ ड्रम लवकर तापतो, आणि घाट उतरतांना तापलेला ब्रेक म्हणजे काय हें कोंकणांत जाणाऱ्यांस सांगावयास नको.

येथवर आम्हीं जें लिहिलें तें बहुतांशीं उपद्रवाबद्दल. आतां भयाबद्दल. चाकाचा तोल साधला, थरथर गेली, घरांत सर्वांना आनंद झाला. एवढ्यावर गाडी सुरक्षित झाली असें समजूं नये. चाकाची ओढ हें कंपाचें कारण, परंतु ढिला सांधा त्या कंपाला मोकळीक देतो. ओढ काढून टाकली कीं कंप थांबतो, सांधा मात्र ढिलाच राहतो, आणि आतां तो सांगण्यासाठीं थरथरही उरत नाहीं. टाय रॉडचा गोळा खोबणींतून निघाला तर एक चाक स्टीअरिंगच्या आज्ञेंत राहत नाहीं. मग चालक कितीही कुशल असो. म्हणून थरथर असो वा नसो, जुन्या गाडीचे सांधे वर्षांतून दोनदां स्वतंत्रपणें पाहावेत. बाईंच्या पत्राला आमचें उत्तर हें आहे. स्टीअरिंग थरथरतें म्हणून घाट उतरूं नये असें नव्हे, आणि थरथर थांबली म्हणून उतरावा असेंही नव्हे; सांधे पाहिल्यावर, आणि ब्रेक व टायर यांचे वर सांगितलेले दोष नाहींत अशी खात्री करून घेतल्यावर, उतरावा.

पाहण्याची रीति अशी. गाडी सपाट जागीं, मागच्या चाकांस दगड, पुढची बाजू जॅकनें उचलून खालीं लोखंडी घोडी. जॅक उचलण्यासाठीं आहे, तोलून धरण्यासाठीं नव्हे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीं कोणीही जाऊं नये, मुलांनीं तर जवळही फिरकूं नये. आतां चाक घड्याळाची तबकडी आहे असें समजून बारा आणि सहा या ठिकाणीं दोन हातांनीं धरावें आणि आंत-बाहेर हालवावें. चाक लटकलें तर एक तर बेअरिंग ढिलें आहे, नाहीं तर किंगपिन झिजली आहे. दोहोंतला भेद काढण्यास आंत कोणास तरी ब्रेक दाबून धरण्यास सांगावें. ब्रेक दाबल्यावर लटकणें थांबलें तर बेअरिंग. ब्रेक दाबूनही तसेंच राहिलें तर किंगपिन. बेअरिंगचा नट आवळून भागतें, पण अति आवळला तर तें तापून जाम होतें. नंतर चाक तीन आणि नऊ या ठिकाणीं धरून डावी-उजवीकडे हालवावें. बारा-सहाला स्वस्थ असलेलें चाक येथें लटकलें तर प्ले टाय रॉडकडे किंवा स्टीअरिंगच्या बाकीच्या सांध्यांत आहे.

कोणत्या सांध्यांत, हें पाहण्यास गाडी पुन्हां चारी चाकांवर जमिनीस टेकवावी आणि इंजिन बंद ठेवावें. एकानें आंत बसून स्टीअरिंग दोन बोटें डावीकडे, दोन बोटें उजवीकडे असें हालवीत राहावें. दुसऱ्यानें पुढून वांकून बॅटरीच्या उजेडांत एकेका सांध्याकडे पाहावें, जमलें तर त्यावर बोट ठेवावें. चांगल्या सांध्याचीं दोन्ही अंगें एकदम हालतात. झिजलेल्या सांध्याचें एक अंग आधीं हालतें आणि दुसरें मागून; मधला क्षण बोटाला स्पष्ट कळतो. टाय रॉडचे सांधे, आयडलर आर्म, आणि शेवटीं स्टीअरिंग बॉक्सचा दांडा, असा क्रम ठेवावा. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि घरांतील कोणीही दोघें ती करूं शकतात. बाईंच्या घरीं जे तरुण गाडी भंगारांत द्या म्हणतात त्यांनीं आणि त्यांच्या काकांनीं मिळून ती करावी. भांडण्यास निदान खरा विषय मिळेल.

झिजलेला सांधा सांपडला तर तो बदलण्यांत हयगय करूं नये. न सांपडलेला बदलूं नये, कारण सुटे भाग आतां सहज मिळत नाहींत. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० ची 'डिलाइट' ही आवृत्ति निघूं लागली. तीच पुढें पद्मिनी झाली. तिचें उत्पादन सन २००० च्या सुमारास थांबलें, आणि मुंबईच्या टॅक्सींतूनही ती ऑक्टोबर २०२३ मध्यें गेली. आज जो भाग 'नवा' म्हणून डब्यांतून निघतो तो वीस-पंचवीस वर्षें फळीवर पडलेला असूं शकतो. लोखंडाला त्याचें कांहीं वाटत नाहीं, पण टाय रॉड एंडवरची रबरी टोपी आणि बुश हे टायरसारखेच बसल्या जागीं म्हातारे होतात. टोपी दाबून पाहावी. भेग दिसली तर डबा परत करावा. आपला जुना सांधा घट्ट असेल तर तो या नव्याहून बरा. आणि किंगपिनला ग्रीस भरण्याच्या ज्या निप्पल आहेत त्यांतून नवें ग्रीस जाऊन जुनें काळें ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावें. पुष्कळ किंगपिन चालून झिजत नाहींत, कोरड्या राहून झिजतात.

ज्यांच्याकडे पद्मिनी नसून जुनी जीप आहे त्यांच्यासाठीं चार शब्द निराळे. जीपचीं पुढचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर असतात. अशा गाडीला चाळीस-पन्नासच्या वेगांत खड्ड्याचा धक्का बसला कीं दोन्ही चाकें एकदम डावी-उजवीकडे फडफडूं लागतात, आणि वेग अगदीं कमी होईपर्यंत थांबत नाहींत. ही व्याधि जुनी आहे. १९२० नंतरच्या दशकांत कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले तेव्हां युरोप-अमेरिकेंतील मोटारींना ती मोठ्या प्रमाणावर जडली, आणि तिला 'शिमी' असें एका नाचाचें नांव मिळालें. दोन चाकांचा आंस तोडून प्रत्येक चाक स्वतंत्रपणें टांगण्याची पद्धति पुढें रूढ झाली त्याच्या कारणांत ही एक होती. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेस गेलेल्या मॉरिस ऑली या इंजिनिअरानें जनरल मोटर्समध्यें त्यावर काम केलें आणि १९३४ च्या गाड्यांत ती पद्धति आली. पद्मिनी आणि ॲम्बॅसिडर या दोन्ही त्या नंतरच्या पिढीच्या, म्हणून त्यांत हा फडफडाट सहसा दिसत नाहीं. जीपमध्यें दिसला तर घाबरून जोराचा ब्रेक मारूं नये; स्टीअरिंग घट्ट परंतु न झगडतां धरावें, पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा आणि गाडी आपोआप मंदावूं द्यावी. नंतर किंगपिनचीं बेअरिंगें आणि टाय रॉडचे सांधे पाहिल्याखेरीज ती रस्त्यावर आणूं नये.

स्टीअरिंग बॉक्सविषयीं एक सूचना राहिली. बॉक्सच्या वर एक स्क्रू असतो आणि तो पिळला कीं स्टीअरिंगचा ढिलेपणा कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून कित्येक मिस्त्री प्रथम त्यालाच हात घालतात. बॉक्स सर्वांत अधिक झिजतो तो मधोमध, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला ढिलेपणा जाईपर्यंत स्क्रू पिळला तर दोन्ही टोकांकडे, जेथें दांते झिजलेले नाहींत तेथें, स्टीअरिंग अडकतें, आणि तें कळतें वळणावर. म्हणून इतर सर्व सांधे पाहून झाल्यावर, चाकें उचललेलीं असतांना, थोडा थोडा पिळून आणि दर वेळीं स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावें. कोठेंही जड लागलें कीं स्क्रू तेवढा परत सोडावा. चाकें काढून लावलीं असतील तर नट-बोल्ट समोरासमोरच्या जोडीनें आवळावे, आणि पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हां एकदां पाना लावावा.